गुडाखूची डबी आणि सहाव्या वर्षाची दाढ

मूल साधारण सहा वर्षांचे झाले की त्याच्या तोंडात चार नव्या दाढा येतात, आणि बहुतेक घरांत त्या आल्याचे कोणाच्या गावीही नसते. समोरचा दुधाचा दात हलू लागला की घरभर चर्चा होते. तो पडला की कौलांवर फेकायचा की उंदराच्या बिळात टाकायचा, यावर आजी-आजोबांचे दोन पक्ष पडतात. या दाढांच्या वाट्याला असले कौतुक येत नाही. त्या दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, मोकळ्या हिरडीतून वर येतात. त्यांना जागा करून द्यायला कुठला दात पडत नाही. म्हणून आईबाप त्यांनाही दुधाच्याच धरून चालतात. वर्षा-दोन वर्षांत तिथे काळा ठिपका दिसला, तर ‘पडणारच आहे की’ म्हणून सोडून देतात.

ती पडणार नसते. हीच कायमची पहिली दाढ, साठ वर्षे चावण्याचे काम करायला आलेली. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, नुकत्या उगवलेल्या दाताचे कवच अजून पुरते कणखर झालेले नसते, आणि मुलाचा ब्रश इतक्या मागे पोचत नाही. त्यामुळे लहानपणी किडणाऱ्या कायमच्या दातांत या दाढांचा नंबर पहिला लागतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बारा वर्षांच्यांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्यांपैकी ६३.१ टक्के मुलांच्या तोंडात कीड आढळली. पाच वर्षांचा आकडा दुधाच्या दातांचा, बाराचा कायमच्या. दुधाचे बहुतेक दात पडून नवे आले तरी आजारी मुलांचे प्रमाण तिथेच राहते, कारण दात बदलले तरी तोंड तेच असते, आणि घर व वस्तीही.

या प्रकरणात आपण अशाच एका वस्तीकडे, खरे तर एका शहरातल्या अनेक वस्त्यांकडे पाहणार आहोत. शहर भिलाई. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून इथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर आखीव टाउनशिप आली. सेक्टरवार घरे, शाळा, बाजार, आरोग्य केंद्रे आणि सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय. मुंबई-नागपूर-हावडा रेल्वेमार्गावरचे गाव असल्याने विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे इथे नोकरीला आली आणि इथलीच झाली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी कुटुंबेही अशीच आली. भिलाईकर आपल्या गावाला कौतुकाने ‘मिनी भारत’ म्हणतात. या छोट्या भारतातही सेक्टरांच्या बाहेर दुसरे गाव आहे: खुर्सीपार, कॅम्प १, कॅम्प २, सुपेला. कारखाना बांधायला आणि पुढे ठेक्यावर चालवायला जे हात लागले, ते इकडे राहिले.

दातांच्या डॉक्टरांची इथे वानवा आहे असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. भिलाईच्या कोहका भागात एक दंत महाविद्यालय आहे, दुर्गजवळ अंजोऱ्याला दुसरे, राजनांदगावच्या वाटेवर सुंदऱ्याला तिसरे आणि रायपूरला सरकारी. एका महामार्गाच्या पट्ट्यात इतक्या दंतखुर्च्या आपल्याकडे पुण्या-मुंबईबाहेर क्वचितच सापडतील. या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातून स्वस्तात उपचार होतात आणि ते चांगलेही असतात. पण खुर्चीत बसलेल्या मुलाचा दात भरला जातो, शेजारचा दात किडायचा थांबत नाही. भारतात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयांच्या संख्येने मुलांची कीड कमी होत असती, तर हे प्रकरण लिहावे लागले नसते.

कीड कशी लागते ते आधी पाहू. १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिले की तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरच्या थराची आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत आम्लता वाढते आणि दाताचे कवच विरघळू लागेल अशा पातळीखाली सामू जातो. ही पातळी साधारण ५.५ ची. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि विरघळलेली खनिजे काही प्रमाणात परत दातात बसवते. या सगळ्याला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो.

म्हणजे साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. तीजा-पोळ्याला छत्तीसगडी घरांत ठेठरी आणि खुर्मी होते. ठेठरी बेसनाची, खारी. खुर्मी गव्हाच्या पिठाची, गुळाची. जेवणाबरोबर चार खुर्म्या खाल्ल्या तर दातावर एक आम्लहल्ला होतो. त्याच चार खुर्म्या दिवसभर खिशात ठेवून तासातासाने चघळल्या तर चार हल्ले होतात आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. सणाच्या फराळाला बदनाम करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. सण वर्षातून मोजके दिवस येतात. शाळेबाहेरच्या टपरीवरची दोन-पाच रुपयांची पाकिटे, चिकट गोळ्या आणि रंगीत सरबताच्या पिशव्या रोज येतात, आणि दिवसातून तीन-चारदा येतात.

वारंवारतेचे हे गणित जगाला ज्या प्रयोगातून पटले, तो आठवला की आजही अस्वस्थ व्हायला होते. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथे मतिमंद रुग्णांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे हा प्रयोग चालला. काही रुग्णांना जेवणाबरोबर साखर दिली, काहींना जेवणाच्या अधल्यामधल्या वेळी मुद्दाम चिकट बनवलेली टॉफी. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांची कीड थोडी वाढली. टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती त्या माणसांच्या तोंडात हे ज्ञान मिळवले गेले. स्वीडनने पुढे त्यातून एक प्रथा उचलली: मुलांना गोड शनिवारीच, पण त्या दिवशी मनसोक्त.

आता भिलाईच्या बाजाराकडे वळू. पॉवर हाउसच्या किंवा सुपेल्याच्या बाजारात कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या काड्यांच्या जुड्या विकायला असतात. तिथल्याच किराणा दुकानात गुडाखूची डबी मिळते. विदर्भात खर्रा ओळखीचा आहे, पश्चिम महाराष्ट्रात मशेरी. गुडाखू ही त्यांची छत्तीसगड-ओडिशातली बहीण. तंबाखूची पूड, गुळाची राब किंवा मळी, चुना, लाल माती आणि पाणी यांचा काळपट, ओलसर लगदा. बोटावर घ्यायचा आणि दातांवर, हिरड्यांवर घासायचा. सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग काम संपल्यावर. अनेक बायका आणि पुरुष दिवसातून पाच-सहा वेळा ‘गुडाखू करतात’. पोट साफ होते, दात दुखायचा थांबतो, भूक मारता येते, अशी कारणे सांगतात. त्यातली काही खरीही आहेत. निकोटीन आतड्यांना चालना देते आणि भूक दाबते. चुन्यामुळे लगद्याचा सामू वाढतो आणि निकोटीन हिरडीच्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात जाते. ज्याला सकाळी गुडाखूशिवाय ‘मोकळे’ वाटत नाही, त्याची निकोटीनची ओढ घासण्याच्या सवयीत लपलेली असते.

मुलांच्या दातांशी याचा संबंध तीन वाटांनी येतो आणि तिन्ही वाटा घरातूनच जातात. पहिली वाट सरळ आहे. दाढ ठणकते म्हणून रडणाऱ्या मुलाच्या हिरडीवर घरातले मोठे माणूस बोटभर गुडाखू लावते. दुखणे तात्पुरते बधिर होते. मुलाला थोडी गरगर होते, ओकारी येते, पण ‘औषध’ लागू पडले अशी नोंद घरात होते. काही घरांत त्याहीपुढे जाऊन मूल मोठ्यांची नक्कल करत स्वतःच डबीत बोट घालते, आणि हे मंजनच तर आहे म्हणून कोणी हटकत नाही. सिगारेट ओढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला शेजारीही थोबाडीत मारतील. दात घासणाऱ्या मुलाला कोण रागावणार?

दुसरी वाट गर्भातून जाते. दुधाच्या दातांच्या कळ्या गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात रुजतात आणि चौथ्या महिन्यापासून त्यांच्यात खनिजे भरू लागतात. गरोदर बाई तंबाखू वापरत असेल तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि पहिल्या वर्षात उपासमार झालेल्या बाळांच्या दातांचे कवच अनेकदा पातळ, खडबडीत असते. अशा दाताला कीड लवकर लागते. तिसरी वाट सवयीची. ज्या घरात दात साफ करणे म्हणजे गुडाखू घासणे, तिथे फ्लोराइडच्या पेस्टला जागाच उरत नाही.

कायदा यात कुठे बसतो ते पाहण्यासारखे आहे. तंबाखू घातलेली दंतमंजने आणि टूथपेस्ट बनवण्यावर, विकण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. तोवर देशात अशी मंजने सर्रास मिळत. तेव्हापासून दंतमंजन म्हणून तंबाखू विकता येत नाही. मग गुडाखू तंबाखू म्हणून विकली जाते आणि घरात मंजन म्हणून वापरली जाते. २०१२ मध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड अशा एकेका राज्याने गुटख्यावर बंदी आणली, पण तिचा आधार अन्नसुरक्षेचा कायदा आहे, आणि गुडाखू काही खायची वस्तू नाही. तरीही दोन कायदे इथे थेट लागू पडतात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. दाढदुखीने रडणाऱ्या नातवाच्या हिरडीवर बोट फिरवणाऱ्या आजीवर हे कलम कोणी लावू नये. टपरीवाल्यावर मात्र जरूर लावावे.

सवयी बदलत नाहीत, असा एक सोयीचा समज आपल्याकडे आहे. छत्तीसगडात २००९-१० च्या तंबाखूविषयक पाहणीत ५३.२ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये ३९.१ टक्के. सात वर्षांत चौदा टक्केबिंदूंची घट ही थोडीथोडकी नव्हे. त्याच काळात महाराष्ट्र ३१.४ वरून २६.६ वर आला. छत्तीसगडचा आकडा अजूनही वाईट आहे, पण तो हलतो आहे.

मग शाळा काय करतात? शिबिर भरवतात. दंत महाविद्यालयाची गाडी येते, मुलांची रांग लागते, एकेकाच्या तोंडात आरसा घालून पाहिले जाते, प्लास्टरच्या भल्यामोठ्या जबड्यावर भल्यामोठ्या ब्रशने प्रात्यक्षिक होते, मुलांना छोटी पेस्ट आणि ब्रश मिळतो. फोटो निघतो. दरवर्षी २० मार्चला, जागतिक मौखिक आरोग्य दिनाच्या आगेमागे, या शिबिरांचा हंगाम असतो. त्यात राबणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण या पद्धतीबद्दल आहे. दंतआरोग्य शिक्षणाच्या प्रयोगांचा आढावा ब्रिटनमध्ये एलिझाबेथ के आणि डेव्हिड लॉकर यांनी १९९० च्या दशकात घेतला. निष्कर्ष असा निघाला की अशा शिकवणीने माहिती वाढते, दातांवरचा थर काही दिवस कमी होतो, पण निव्वळ शिकवणीने कीड कमी झाल्याचे दिसत नाही. कारण साधे आहे. ब्रश कसा धरावा हे मुलाला कळले, पण पेस्ट संपल्यावर ती कोण आणणार, हा प्रश्न शिबिरात कोणी विचारत नाही.

सरकारी यंत्रणा शिबिरांपेक्षा एक पाऊल पुढे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दंतक्षयही आहे. छत्तीसगडात या पथकांना ‘चिरायू’ म्हणतात. मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर चिरायू पथकामुळे त्याची शस्त्रक्रिया होते आणि जीव वाचतो. किडलेल्या दाढेचे मात्र बहुधा एक चिठ्ठी लिहून भागते. चिठ्ठी घेऊन जायचे म्हणजे बापाची एक रोजी बुडणार. दाढ दुखत नसेल तर कोण जातो? आणि दुखू लागेल तेव्हा बहुतेक वेळा ती भरण्यापलीकडे गेलेली असते, उपटावीच लागते.

दुसरा मार्ग आहे आणि तो इतका साधा आहे की डॉक्टरांनाही कमीपणाचा वाटतो. मुलांनी रोज एकत्र, एका मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे. बस्स. स्कॉटलंडमध्ये २००० च्या सुमारास पाच वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ४५ टक्के मुलांचे दात कीडमुक्त होते. तिथे गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून रोजचे सामूहिक दातघासणे सुरू झाले. पुढे ‘चाइल्डस्माइल’ या नावाने ते देशभर पसरले. २०२० पर्यंत कीडमुक्त मुलांचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. हिशेबनिसांनाही त्याची दखल घ्यावी लागली: २००१-०२ ते २००९-१० या काळात पाच वर्षांच्या मुलांवरच्या दंतोपचारांचा खर्च निम्म्याहून खाली आला. मूळ अडचण गरिबीचीच होती आणि फायदाही गरीब मुलांना सर्वाधिक झाला.

‘स्कॉटलंडचे काय सांगता’ असे कोणी म्हणेल, तर फिलिपिन्स पाहावे. तिथल्या ‘फिट फॉर स्कूल’ कार्यक्रमात सरकारी प्राथमिक शाळांतली मुले रोज अंगणात रांगेने उभी राहून साबणाने हात धुतात आणि दात घासतात, शिवाय वर्षातून दोनदा जंतांची गोळी घेतात. भोके पाडलेल्या लांब नळीतून एकाच वेळी पंधरा-वीस मुलांना पाण्याची धार मिळते. ती नळी पालकच बसवतात. मुलांवर देखरेख दंतवैद्याची नसते, वर्गशिक्षिकेची असते. जंतांच्या गोळ्या आपल्या शाळांतही दिल्या जातात. दात घासणेच तेवढे राहून गेले आहे.

भिलाईच्या एका अंगणवाडीसाठी हिशेब मांडू. तीन ते सहा वयाची तीस मुले. या वयात एका वेळी वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट लागते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. अंगणवाडी वर्षात अडीचशे दिवस भरते असे धरू. तीस मुले, पाव ग्रॅम, अडीचशे दिवस: १,८७५ ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या एकोणीस ट्यूब. त्यात तीन महिन्यांनी बदलायचे ब्रश मिळवा, वर्षाला मुलामागे चार. पेस्टच्या जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी जी पेस्ट पिळतात, ती या गणितात धरू नये. ती कंपनीचा खप वाढावा म्हणून असते.

पाण्याचीही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. दात घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि चूळ भरायचीच नाही, ही स्कॉटिश पद्धत आहे. चूळ भरली की दातांवर राहिलेले फ्लोराइड वाहून जाते. म्हणजे नळ नसलेल्या अंगणवाडीतही हे जमते, थुंकायला कागदाचा तुकडा पुरतो. खरी काळजी घ्यायची ती ब्रश ठेवण्याची. एकाचा ब्रश दुसऱ्याच्या ब्रशला लागता कामा नये, आणि नाव वाचता न येणाऱ्या मुलाला आपला ब्रश ओळखता यायला हवा. भोके पाडलेली फळी आणि प्रत्येक भोकाशी एक चित्र, हत्ती, आंबा, सायकल, एवढे पुरते. अंगणवाडीतल्या दीदीला जेवणापूर्वी किंवा नंतर दहा मिनिटे जास्त लागतील. तिच्यावर आधीच किती नोंदवह्यांचे ओझे आहे हे विसरून चालणार नाही. म्हणूनच हे काम वाढवताना एखादी नोंदवही कमी केली तर बरे.

फ्लोराइड म्हटले की काही वाचकांच्या भुवया उंचावतील, आणि त्यामागे कारण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दातांवर तपकिरी डाग पडलेले आणि हाडे वाकलेली माणसे आपण पाहिली आहेत. नेल्लोरजवळच्या गावांतला हा हाडांचा आजार १९३७ मध्येच वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला. गंमत अशी की फ्लोराइड कीड रोखते हे जगाला कळले तेही डागांमुळेच. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला मुलांचे दात डागाळलेले दिसले, पण किडलेले फारसे दिसेनात. पुढे त्या पाण्यात फ्लोराइड सापडले. सगळा खेळ मात्रेचा आहे. भारतीय पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्षात एक हजार भागांहून अधिक असू शकत नाही. पाव ग्रॅम पेस्ट मुलाने सगळीच्या सगळी गिळली, तरी पोटात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. लिटरमागे तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले बोअरचे पाणी मूल रोज एक लिटर प्याले तर तीन मिलिग्रॅम जाते, म्हणजे बारापट. तीन वर्षांखालच्या मुलाला तर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरते. भिलाई टाउनशिपला तांदुला धरणातून मरोदा तलावात येणारे पाणी मिळते, आणि अशा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. बोअरवर जगणाऱ्या वस्तीत आधी पाणी तपासावे, आणि दोष निघाला तर पाणी बदलावे. पेस्ट बंद केल्याने तिथला आजार टळत नाही.

ज्या मुलांचे दात आधीच किडले आहेत त्यांचे काय? त्यांच्यासाठी एक जुने जपानी औषध अलीकडे जगभर परत आले आहे: सिल्व्हर डायमीन फ्लोराइड. ३८ टक्क्यांचा द्राव. किडलेला भाग कोरडा करायचा, छोट्या ब्रशने थेंबभर लावायचा, मिनिटभर थांबायचे. ड्रिल नाही, सुई नाही. वर्षातून दोनदा लावले तर दुधाच्या दातांतली दहापैकी आठेक ठिकाणची कीड जागीच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. तोटा एकच: थांबलेली कीड कोळशासारखी काळी पडते. समोरच्या दातांवर आईला ते आवडत नाही, आणि तिला आधी सांगून, फोटो दाखवून, विचारूनच लावायला हवे. मागच्या दाढांवर सहसा कोणी हरकत घेत नाही. भिलाई परिसरातल्या दंत महाविद्यालयांची गाडी शिबिराऐवजी दर सहा महिन्यांनी त्याच अंगणवाड्यांत हा ब्रश घेऊन गेली, तर त्याच मनुष्यबळात कितीतरी जास्त काम होईल.

हे सगळे डॉक्टरांच्या आणि सरकारच्या भरवशावर टिकेल असे मला वाटत नाही. भिलाईच्या आसपास मात्र लोकांनी आरोग्याचे काम स्वतःच्या हाती घेतल्याचा इतिहास आहे. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणीत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ठेका मजुरांची संघटना उभी राहिली. जून १९७७ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात मजूर मारले गेले. पुढे संघटनेच्या एका महिला नेत्याचा बाळंतपणात उपचाराविना मृत्यू झाला, तेव्हा मजुरांनी आपले रुग्णालय उभारायचे ठरवले. आधी छोटा दवाखाना चालला. मग स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून बांधलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. मजुरांच्याच मुला-मुलींना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले गेले. त्याच संघटनेने दारूविरोधी मोहीम चालवली आणि हजारो मजुरांची दारू सुटली. त्यात भाषणांपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेचा आणि संघटनेतल्या प्रतिष्ठेचा वाटा मोठा होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत झोपेत गोळ्या घालून हत्या झाली. रुग्णालय पुढेही चालू राहिले.

छत्तीसगड राज्य झाल्यावर २००२ मध्ये आलेली मितानीन योजना याच मातीतली. प्रत्येक पाड्याने आपल्यातलीच एक बाई आरोग्यासाठी निवडायची. देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना पुढे २००५ मध्ये आली, तेव्हा हा अनुभव तिच्यासमोर होता. मितानीन बाळंतिणीच्या घरी जातेच. तिच्या भेटीत दोन गोष्टींची भर घालता येईल: बाळाच्या वरच्या ओठाखाली पाहायचे आणि आईच्या डबीबद्दल विचारायचे. वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात, विशेषतः तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळांचे. खालच्या दातांना जिभेचा आडोसा मिळतो. किडीची सुरुवात काळ्या ठिपक्याने होत नाही, हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या रेघेने होते, आणि या टप्प्यावर ती पेस्टने मागेही फिरवता येते. ओठ उचलून ही रेघ पाहायला आरसा लागत नाही, पदवीही नाही. मितानीन स्वतः गुडाखू करत असेल तर? अशा मितानीन असतील, आणि त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. सवय सोडलेल्या बाईचे शेजारीण जितके ऐकते तितके डॉक्टरचे ऐकत नाही.

सीमेपलीकडे, आपल्या गडचिरोलीत, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ तंबाखूची सवय सोडवण्याचे काम करून दाखवते आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभे केले. गावात बायकांची संघटना उभी राहते, ग्रामसभा ठराव करते, खर्रा विकणाऱ्या टपरीला आधी समज दिली जाते, मग माल जप्त होतो. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी उपचारही असतात. तो भाग महत्त्वाचा, कारण निकोटीनची ओढ नुसत्या ठरावाने सुटत नाही. खुर्सीपारसारख्या शहरी वस्तीत ग्रामसभा नाही, हे खरे. पण तिथे बचत गट आहेत, मोहल्ला समित्या आहेत, आणि शाळेपासून शंभर यार्ड मोजायला लांब दोरी पुरते.

पैसा आहे का, हा प्रश्न इथे खरे तर पडू नये. २०१५ मध्ये खाण कायदा बदलून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणमालकांनी स्वामित्वधनाच्या जोडीला त्यात पैसा भरायचा आणि तो खाणबाधित भागांत पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च व्हायचा. केंद्राच्या मूळ नियमांत अशा अग्रक्रमाच्या कामांसाठी किमान ६० टक्के रक्कम राखलेली होती. छत्तीसगडात हा निधी देशातल्या मोठ्या निधींत गणला जातो. दल्ली-राजहराच्या लोहखनिजातून बालोद जिल्ह्याला, नंदिनीच्या चुनखडीतून दुर्गला. कारखान्याचा सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च वेगळाच. हा पैसा बहुतेकदा इमारतींकडे जातो, कारण इमारतीला कोनशिला बसवता येते आणि वर्षअखेरीला खर्चाचा आकडा दाखवता येतो. अंगणवाडीमागे एकोणीस ट्यूब आणि एकशेवीस ब्रश ही मागणी इतकी किरकोळ आहे की जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत ती मांडायलाच कोणी धजत नाही. म्हणून ती अंगणवाडी पर्यवेक्षिकेने पोषण आहाराच्या मागणीपत्रातच एक ओळ म्हणून घालावी, दर तिमाहीला, तांदूळ-डाळीच्या खाली. रेडी-टू-ईटच्या पाकिटांचा हिशेब जसा दर महिन्याला होतो, तसाच ट्यूबचाही व्हावा, आणि ट्यूब संपत नसेल तर पर्यवेक्षिकेने विचारावे की मुले दात घासत आहेत की नाहीत.